शहाडोंगरावरील अष्टकोनी मनोरा

नागपूरहून रामटेकला निघालेल्या प्रवाशास गाव येण्याच्या पुष्कळ आधीच टेकडीवरचे गडमंदिर दिसू लागते. ते कशाचे, हे कोणाला विचारावे लागत नाही. सीताबर्डीच्या टेकडीचेही तसेच. १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यात तेथे भोसले व इंग्रज यांची लढाई झाली आणि पुढे इंग्रजांनी त्या टेकडीवर किल्ला बांधला, हे नागपूरच्या कोणत्याही शाळकरी मुलाला सांगता येते. उंचावर उभारलेली इमारत बहुधा आपले काम आपणच सांगत असते. कळस दिसला की देऊळ ओळखावे, तट दिसला की किल्ला ओळखावा.

परंतु महाराष्ट्रातच एका डोंगरावर अशी एक इमारत आहे, की तिच्याकडे पाहून ती कशासाठी बांधली असावी याचा तर्कच चालत नाही. तिला कळस नाही, तट नाही, पाण्याचा हौद वा बाजारपेठ जवळ नाही. उघड्या माळावर, वाऱ्याच्या तोंडाशी, काळ्या दगडाचा एक जाडजूड अष्टकोनी मनोरा तेवढा उभा आहे. त्याची ही कथा.

नागपूरहून सडकेने पुण्यास जाणाऱ्यास वाटेत अहमदनगर लागते. २०२४ साली या शहराचे नाव अहिल्यानगर झाले. लोक मात्र पूर्वीपासून नुसते 'नगर' म्हणत आले आहेत, आणि या पाठापुरते आपणही तसेच म्हणू. नगरच्या परिसरातून पूर्वेकडे नजर टाकली, तर डोंगररांगेच्या माथ्यावर एक ठेंगणासा बुरूज आकाशावर उमटलेला दिसतो. आपण पुढे जावे, वळण घ्यावे, तरी तो दिसतच राहतो. एकदा शाळेच्या काही मुलांसह मी त्या वाटेने जात होतो. चहासाठी गाडी थांबली तेव्हा मुलांनी तो हेरला, आणि बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यास त्यांनी विचारले, "आजोबा, त्या डोंगरावरची इमारत कसली हो?"

"ती व्हय? चांदबिबीचा महाल त्यो."

"चांदबिबी तिथे राहत असे का?"

"ऱ्हात असंल. न्हाई तर महाल कशाला म्हंत्याल?"

उत्तर मोठे चतुराईचे होते. मुलांचे समाधानही झाले. पण आम्ही वाट वाकडी करून तो डोंगर चढलो, तेव्हा ते समाधान फार वेळ टिकले नाही.

नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे तेरा किलोमीटर गेले, की तो डोंगर येतो. त्याला शहाडोंगर म्हणतात. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ३,००० फूट आहे, आणि नगर शहरापेक्षा तो सुमारे ९०० फूट उंच आहे. माथ्यावर प्रथम एक रुंद दगडी चौथरा लागतो, आणि त्या चौथऱ्याच्या मध्यभागी ही अष्टकोनी इमारत उभी आहे. ती तीन मजली असून तिची उंची सुमारे सत्तर फूट आहे. आठही बाजूंना एकावर एक अशा कमानींच्या ओळी आहेत. त्या कमानींतून वारा असा घुसतो, की आत उभे राहून बोलणाऱ्यास आवाज चढवावा लागतो. भिंतींवर नक्षी नाही, रंग नाही, गिलावा नाही. ज्या काळ्या दगडाचा डोंगर, त्याच जातीच्या दगडाची इमारत. दुरून पाहिले तर डोंगरानेच आपले एक टोक वर काढले आहे की काय, असा भास होतो.

आत गेल्यावर मात्र हा रांगडेपणा विसरायला होतो. मध्ये एक मोठे उंच दालन आहे, आणि त्याच्या भोवती इमारतीच्या जाडीतूनच काढलेला कमानदार ओवरीचा मार्ग फिरतो. मान वर केली की थेट घुमटाचा पोकळ गोल दिसतो. घुमट गोल, आणि त्याखालच्या भिंती सरळ. या दोहोंचा मेळ घालणे हे जुन्या गवंड्यांपुढचे मोठेच कोडे असे. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा, तर चारही कोपरे उघडे पडतात, आणि ते भरून काढण्यासाठी तिरक्या कमानी रचाव्या लागतात. अष्टकोन हा चौकोनापेक्षा वर्तुळाच्या अधिक जवळचा. त्यामुळे कोपऱ्यांची ती अडचण येथे पुष्कळशी कमी झाली आहे. घुमटाचे ओझे नुसते खाली येत नाही, ते भिंतींना बाहेरही रेटीत असते. भोवतीची जाड ओवरी तो रेटा आपल्या अंगावर घेते. चारशेहून अधिक पावसाळे सोसून ही इमारत ताठ उभी आहे, त्याचे रहस्य पुष्कळ अंशी या ओवरीत आहे.

मुले धावत वरच्या मजल्यावर गेली. एक मुलगी मात्र खालीच राहिली होती. तिने विचारले, "गुरुजी, हा महाल असेल तर स्वयंपाकघर कुठे आहे? आणि निजायच्या खोल्या?"

प्रश्न अगदी नेमका होता. या महालात राहण्याची कसलीच सोय नाही. सगळी दालने चहूकडून उघडी. दार लावून घ्यावे अशी एकही खोली नाही. उत्तर तिला थोड्याच वेळाने मिळाले. चौथऱ्याच्या पोटात एक तळघर आहे. तेथे उतरल्यावर डोळे अंधाराला सरावतात, आणि शेजारी शेजारी दोन थडगी दिसतात. ही इमारत महाल नव्हे, कबर आहे. दोहोंतील एक थडगे सलाबतखान नावाच्या मंत्र्याचे आहे, दुसरे त्याच्या एका पत्नीचे. चांदबिबीचे थडगे येथे नाही.

मग हा सलाबतखान कोण? आणि गावोगावचे लोक त्याचे नाव विसरून चांदबिबीचे नाव का घेतात?

नगर शहर १४९० च्या सुमारास उदयास आलेल्या निजामशाहीची राजधानी होते. या घराण्यातील चौथा राजा मुर्तजा निजामशहा हा १५६५ साली लहान वयात गादीवर आला. त्याच्या कारकिर्दीत, १५७४ साली, वऱ्हाड प्रांत निजामशाहीला जोडला गेला. म्हणजे आपल्या विदर्भाचा मोठा भाग त्या वेळी नगरच्या सत्तेखाली आला. पण राज्य असे वाढत असतानाच राजाचे मन राज्यावरून उडाले. तो बागेतील वाड्यात एकांतात राहू लागला. महिनेच्या महिने तो लोकांच्या दृष्टीस पडत नसे. कधी लहरीत आला म्हणजे भलतेच हुकूम सोडी. प्रजेने त्याला 'दिवाणा', म्हणजे वेडा, असे नाव ठेवले. राजा दिसेनासा झाला तरी राज्याचा गाडा थांबत नाही. कोणी तरी तो ओढावाच लागतो. १५८० च्या सुमारापासून पुढे आठएक वर्षे तो भार सलाबतखानाने वाहिला.

या काळाची माहिती आपणास फिरिश्ता या इतिहासकाराकडून मिळते. फिरिश्ता त्या वेळी नगरच्या दरबारातच नोकरीस होता. १५८९ साली तो विजापुरास गेला, आणि तेथे त्याने आपला मोठा फारसी ग्रंथ लिहिला. सलाबतखानाच्या कारभाराची तो स्तुती करतो. त्याच्या काळात महाराष्ट्राच्या या भागात जितका बंदोबस्त होता तितका फार वर्षांत झाला नव्हता, असे त्याचे म्हणणे आहे. अर्थात सलाबतखान निर्दोष होता असे नव्हे. १५८४ च्या सुमारास त्याचे वऱ्हाडचा सुभेदार सय्यद मुर्तजा याच्याशी वाकडे आले, आणि एकाच राज्याचे दोन सरदार एकमेकांवर फौजा घेऊन चालून गेले. वऱ्हाडचे हरलेले सरदार उत्तरेस अकबर बादशहाच्या आश्रयास गेले. घरच्या भांडणाने शेजाऱ्याला दार उघडून दिल्यासारखे झाले. थोड्याच वर्षांत मोगलांची फौज एलिचपुरापर्यंत, म्हणजे आजच्या अचलपुरापर्यंत, येऊन लूट करून गेली. त्या लुटीत ज्यांची घरे गेली, त्या वऱ्हाडच्या रयतेने या मंत्र्याला काय म्हटले असेल, हेही मनात आणले पाहिजे.

पण त्याच्या हातून झालेली बांधकामे पाहिली, तर मन प्रसन्न होते. नगरच्या आग्नेयेस फराहबाग नावाचा जलमहाल आहे. तळ्याच्या मध्यभागी उभा असलेला हा महाल आधी दुसऱ्या एका सरदाराने बांधला होता. तो राजाच्या पसंतीस उतरला नाही, म्हणून पाडावा लागला. मग सलाबतखानाने तो नव्याने बांधून घेतला, आणि १५८३ साली पुरा केला. शहाडोंगराच्या परिसरात भातोडी नावाचे गाव आहे. तेथील जुना तलाव सलाबतखानाने बांधला, असे सांगतात. हा तलाव पुढे इतिहासात गाजला. १६२४ साली मलिक अंबर याने याच भातोडीजवळ मोगल आणि आदिलशाही यांच्या मोठ्या फौजांना गाठले. त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीभोवती चिखलच चिखल करून टाकला, आणि त्यांच्या तोफा व घोडी अडकून पडल्यावर हल्ला केला. शिवाजी महाराजांचे वडील शहाजीराजे या लढाईत अंबराच्या बाजूने लढले. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी येथेच कामी आले. शेतीला पाणी मिळावे म्हणून बांधलेला बांध चाळीसएक वर्षांनी एका लढाईचा निकाल लावील, हे बांधणाऱ्याच्या स्वप्नातही आले नसेल.

आता शहाडोंगरावरील मनोऱ्याकडे पुन्हा वळू. नगरच्या राजाची कबर शहराला लागूनच होती. घराण्याचा संस्थापक अहमद निजामशहा याची 'बागरोजा' नावाची देखणी कबर आजही नगर शहरात आहे. मग मंत्र्याने आपल्या कबरीसाठी तेरा किलोमीटर दूरचा हा ओसाड डोंगर का पसंत केला असावा? हयातीतच, आपल्या हाताने, त्याने ही कबर बांधवली. लोकांनी या कोड्याचे आपल्यापरीने एक उत्तर काढले आहे. ते म्हणतात, सलाबतखानाला ही इमारत सात मजली करायची होती, म्हणजे वरच्या मजल्यावरून दौलताबादचा किल्ला दिसला असता. तीन मजले झाले आणि बेत राहून गेला.

ही आख्यायिका ऐकून आम्ही चौथऱ्यावर बसून थोडे गणित केले. नगरपासून दौलताबाद सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे जितके उंच जावे तितके क्षितिज दूर सरकते; पण उंची दुप्पट केली तरी क्षितिज दुप्पट दूर जात नाही. नुसत्या सपाटीवर उभारलेल्या सत्तर फुटी इमारतीवरून सुमारे सोळा किलोमीटरवरचे क्षितिज दिसेल. नऊशे फुटांच्या डोंगरावर तीच इमारत असली, तर क्षितिज साठ किलोमीटरपर्यंत जाते. आणि तिच्यावर आणखी चार मजले चढवले, तर? फक्त तीनएक किलोमीटर वाढतात. डोंगराने फुकट दिलेल्या उंचीपुढे माणसाच्या चार मजल्यांची किंमत ती किती! मुलांना हा हिशेब फार आवडला. एक जण म्हणाला, "म्हणजे दौलताबाद पाहायचे असते, तर त्याने मजले वाढवण्यापेक्षा याहून उंच डोंगर शोधला असता." सलाबतखानासारख्या जाणत्या मंत्र्याला हे कळत नसेल, असे मला वाटत नाही. सात मजल्यांची गोष्ट ही खालून वर पाहणाऱ्यांनी रचलेली असावी. वरून खाली पाहणाऱ्यास ती सुचणार नाही.

गमत अशी, की अगदी अशीच एक गोष्ट इंग्लंडातही सांगतात. त्या देशात अठराव्या शतकात धनिक लोकांना डोंगरमाथ्यावर निरुपयोगी मनोरे उभारण्याचा छंद लागला होता. पडका किल्ला वाटावा असा बुरूज बांधायचा, आणि आपल्या वाड्याच्या खिडकीतून तो पाहून आनंद मानायचा. अशा इमारतींना ते लोक 'फॉली', म्हणजे 'वेडेपणा', असेच म्हणतात. वुस्टरशायर परगण्यातील ब्रॉडवे टेकडीवर १७९९ च्या सुमारास पुरा झालेला असाच एक मनोरा आहे. त्याची उंची पासष्ट फूट, म्हणजे आपल्या मनोऱ्याएवढीच. तेथील एका सरदाराच्या पत्नीस अशी जिज्ञासा होती, की या टेकडीवर जाळ केला तर तो बावीस मैलांवरील आपल्या घरातून दिसेल की नाही. तो दिसला, म्हणून मनोरा बांधला, असे सांगतात. दोन देशांतील दोन एकाकी मनोरे, आणि दोहोंविषयी लोकांच्या मनात आलेली कल्पना मात्र एकच : येथून काही तरी दूरचे दिसत असले पाहिजे. फरक एवढाच, की ब्रॉडवेच्या मनोऱ्याच्या पोटात कोणी निजलेले नाही.

आपल्या मनोऱ्यात जो निजला आहे, त्याचा शेवट मात्र गोष्टीहूनही चमत्कारिक झाला.

१५६५ च्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला, तेव्हा तेथील अमोल जवाहीर नगरच्या खजिन्यात आले होते. मुर्तजा निजामशहाच्या मर्जीतील एका कलावंतिणीने त्यातील दोन रत्नहार मागितले. राजाने देऊन टाकण्याचा हुकूम केला. खजिना हा राज्याचा आहे, लहरीवर उधळण्यासाठी नाही, असे मंत्र्याला वाटले. त्याने तसलेच दिसणारे दुसरे हार पाठवून दिले. ही लबाडी उघडकीस आली. राजाने सगळे जवाहीर आपल्यापुढे मांडावयास सांगितले. तेव्हाही सलाबतखानाने सर्वांत मोलाचे नग बाजूला ठेवले. हे लक्षात येताच राजाने संतापाच्या भरात समोरचे जिन्नस आगीत लोटून दिले. फिरिश्ता हा प्रसंग सांगतो, आणि तो वाचताना राजा व मंत्री यांपैकी कोणाची अधिक कीव करावी हे समजत नाही.

पुढे १५८८ च्या सुमारास राजाने सलाबतखानाला बोलावून घेतले, आणि तू माझे हुकूम पाळीत नाहीस म्हणून तुझा मला वीट आला आहे, असे सांगितले. सलाबतखानाच्या हाती त्या वेळी फौज होती, खजिना होता, किल्ले होते. राजा स्वतः एकांतात बसलेला. मंत्र्याने मनात आणले असते, तर काय झाले असते? पण त्याने एवढेच विचारले, की मी कोणत्या किल्ल्यात जाऊन कैदेत राहू? राजाने समुद्रकिनाऱ्यावरील दंडाराजपुरीचे नाव घेतले. सलाबतखान घरी आला, त्याने आपल्या हाताने आपल्या पायांत बेड्या घातल्या, आणि पालखीत बसून तो निघाला. मित्रांनी त्याला परोपरीने आवरले. राजा भ्रमिष्ट आहे, त्याचा हुकूम तो हुकूमच नव्हे, असे ते म्हणाले. पण तो आपला धनी आहे, एवढेच त्याचे उत्तर होते.

येथे मुलांत दोन तट पडले. एक तट म्हणाला, "असा इमानदार माणूस पुन्हा होणे नाही." दुसरा म्हणाला, "राजा वेडा आहे हे माहीत असून राज्य त्याच्या हाती सोडून जाणे, हे कसले इमान? मग प्रजेचे काय?" वाद चांगलाच रंगला. मलाही दुसऱ्या तटाचे म्हणणे सोडून देता आले नाही. कारण सलाबतखान निघून गेल्यावर जे घडले, ते वाईटच घडले. त्याच १५८८ साली राजपुत्र मीरान हुसेन याने आपल्या बापाला हमामखान्यात कोंडून ठार केले. पुढच्याच वर्षी तो राजपुत्रही मारला गेला. दरबारात जमालखान नावाच्या सरदाराची सत्ता झाली. कैदेतून सुटलेला सलाबतखान, सत्तरी ओलांडलेला म्हातारा, वऱ्हाडच्या फौजा घेऊन त्याच्यावर चालून आला, पण पैठणजवळ त्याचा पराभव झाला. अखेरचे दिवस आपल्याच मुलुखात काढू द्यावेत, एवढीच मागणी करून तो परत आला. १५८९ च्या सुमारास तो वारला, आणि स्वतःच बांधून ठेवलेल्या या डोंगरावरील कबरीत त्याला मूठमाती देण्यात आली.

त्यानंतर सहाच वर्षांनी नगरवर मोठे संकट आले. अकबराचा मुलगा मुराद याने १५९५ च्या डिसेंबरात नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. निजामशाहीत त्या वेळी गादीवर कोण बसावे याबद्दलच भांडणे चालली होती. अशा वेळी एक स्त्री पुढे आली. ती म्हणजे चांदबिबी. मुर्तजा निजामशहाची ती बहीण, विजापूरच्या अली आदिलशहाची ती विधवा राणी. मोगलांनी सुरुंग उडवून तटाला खिंडार पाडले, तेव्हा चांदबिबी चिलखत घालून, तोंडावर बुरखा घेऊन, हातात तलवार घेऊन त्या खिंडारात उभी राहिली. रात्रीतून तिने तो तट पुन्हा चढवून घेतला. गोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग रुप्याची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफांतून डागली, असे लोक सांगतात. १५९६ साली तह होऊन वेढा उठला. नगर वाचले, त्याची किंमत म्हणून वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. पुढे १६०० साली, तीच फितूर झाली आहे अशा खोट्या समजुतीने, तिच्याच लोकांनी तिचा वध केला. काही दिवसांतच किल्ला पडला.

अशी राणी लोक कशी विसरतील? नगरच्या किल्ल्याचे नाव निघाले, की चांदबिबीचे नाव निघालेच. १९४२ ते १९४५ या काळात पंडित जवाहरलाल नेहरू याच किल्ल्यात इंग्रजांच्या कैदेत होते. तेथे लिहिलेल्या 'भारताचा शोध' या ग्रंथात त्यांनीही आरंभीच तिची आठवण काढली आहे. आता असे पाहा : किल्ल्याच्या दाराशी चांदबिबीची शौर्यकथा, आणि पूर्वेच्या डोंगरावर एक बिननावाची भव्य इमारत. ज्या इमारतीला नाव नाही तिला लोक आपल्या आवडत्या माणसाचे नाव देतात. सलाबतखानाने कारभार केला, तोही दुसऱ्याच्या गादीमागे उभा राहून. त्याच्या नावाचे पोवाडे कोण गाणार? हिशेबाच्या वह्या, पाण्याचे बांध, दुरुस्त केलेले वाडे यांच्यावर कोणी गोष्टी रचीत नाही. चांदबिबीच्या काळी ही इमारत डोंगरावर उभी होतीच, आणि तेवढा आधार लोकांच्या कल्पनेला पुरला.

पुढे इंग्रजी अमलात तर या कबरीचे आणखी एक रूपांतर झाले. नगरच्या छावणीतील आजारी सैनिकांना थंड हवा मिळावी म्हणून त्यांना येथे आणून ठेवीत. तळघरात मंत्र्याचे थडगे, आणि वर खाटांवर पडलेले परदेशी शिपाई! आज ही वास्तू भारतीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे, आणि त्या खात्याच्या दप्तरात ती सलाबतखानाची कबर म्हणूनच नोंदलेली आहे.

संध्याकाळ झाली तेव्हा आम्ही उतरू लागलो. मावळतीचा प्रकाश पश्चिमेकडील कमानींतून शिरून दालनाच्या फरशीवर पडला होता, आणि खाली नगरच्या बाजूस एकेक दिवा लागत होता. चहाच्या दुकानापाशी पुन्हा गाडी थांबली. आजोबा तेथेच होते. मघाच्या मुलीने त्यांना सगळी हकीकत सांगितली : तळघर, दोन थडगी, पायांतल्या बेड्या, सारे काही. त्यांनी ती मन लावून ऐकली, आणि बराच वेळ डोंगराकडे पाहिले.

"सलाबतखान," त्यांनी नाव एकदा उच्चारून पाहिले. "तळं बांधणारा म्हंतीस त्यो?"

"हो आजोबा, तोच."

"मग बरूबर हाय," ते म्हणाले. "तळ्याचं पाणी आमच्या आज्यापणज्यानं घेतलं. नाव ठावं नव्हतं एवढंच."

गाडी सुरू झाली. मुलीने वही उघडली आणि त्या दिवसाच्या तारखेखाली लिहिले, 'सलाबतखानाची कबर, शहाडोंगर'. थोडा विचार करून तिने खालच्या ओळीत आणखी लिहिले, 'लोक हिला चांदबिबीचा महाल म्हणतात'. मग ती खिडकीशी सरकली. अंधार पडत आला होता, तरी डोंगरावरचा तो मनोरा दिसतच होता.